शब्बाथ शनिवारी, शाळा रविवारी

मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती घरांत रविवारी सकाळी एक शब्द हमखास कानावर पडतो : शब्बाथशाळा. आता ‘संडे स्कूल’ही म्हणतात, पण जुन्या माणसांच्या तोंडी शब्बाथशाळाच. शब्द मोठा गमतीचा आहे. ‘शब्बाथ’ हा हिब्रू शब्द. अर्थ विसाव्याचा दिवस, आठवड्याचा सातवा, म्हणजे शनिवार. आपल्या कोकणातले बेने इस्राएल तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मग शनिवारच्या नावाची शाळा रविवारी कशी भरते? कारण एवढेच, की ही शाळा आपल्याकडे आणणारे पाद्री न्यू इंग्लंडचे, प्युरिटन वळणाचे. त्या वळणाची इंग्रजी बोलणारी माणसे रविवारालाच ‘सॅबथ’ म्हणत. येशूचे पुनरुत्थान रविवारी झाले, म्हणून ख्रिस्ती लोकांनी उपासनेचा दिवस बदलला. नाव मात्र जुन्या दिवसाचे चिकटून राहिले. बोस्टनहून निघालेला शब्द मुंबई–अहमदनगर–सोलापूर असा प्रवास करीत आमच्या बालाघाटाच्या पठारापर्यंत आला.

धाराशिव जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती किती? जनगणनेच्या आकड्यांत एक टक्क्याहून पुष्कळ कमी. तुळजापूरची भवानी, तेरचे गोरोबाकाका, शहरातला ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा दर्गा, कुंथलगिरीचे जैन क्षेत्र, अणदूर–नळदुर्गचा खंडोबा, अशा जिल्ह्यात हा समाज कुणाच्या फारसा नजरेत येत नाही. तो नजरेत आला जानेवारी २०२० मध्ये. त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरले आणि अध्यक्षपदी होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष होतो यावर तेव्हा उलटसुलट पुष्कळ बोलले गेले. मला त्या वेळी प्रश्न पडला तो निराळाच. ‘सुबोध बायबल’ लिहिण्याइतके मराठी माणसाजवळ येते कुठून? दिब्रिटोंचे उत्तर वसईच्या मातीत आहे, ते सोडू. पण इथल्या एखाद्या लहान मंडळीतली चौथीतली मुलगी शंभर माणसांपुढे उभी राहून छापील, वळणदार मराठीतला आख्खा उतारा न अडखळता म्हणते, तेव्हा तिच्यामागे जी व्यवस्था उभी असते, ती समजून घेण्यासारखी आहे. मी ख्रिस्ती नाही आणि इथे धर्मप्रसाराची बाजू मांडायची नाही, तशीच त्याच्या विरोधाचीही नाही. लहान मुलांना धर्म शिकवण्याची ही पद्धत कशी घडली, इथे येऊन तिचे काय झाले आणि तिच्यात आज काय पणाला लागले आहे, एवढाच विषय.

गोष्ट सुरू होते ती देवळात नव्हे, छापखान्यात. इंग्लंडातल्या ग्लॉस्टर गावचा रॉबर्ट रेक्स हा वर्तमानपत्राचा संपादक आणि मुद्रक. गावातली गरीब मुले आठवड्याचे सहा दिवस टाचण्यांच्या कारखान्यात राबत आणि सातव्या दिवशी रस्त्यावर धुडगूस घालीत. १७८० मध्ये त्याने एका बाईला पैसे देऊन तिच्या घरी या मुलांसाठी रविवारचा वर्ग सुरू केला. शिकवायचे ते वाचन; पुस्तक बायबल, कारण गरिबाच्या हाती पडेल असे तेच एक पुस्तक. रेक्सच्या आधीही असे वर्ग कुठे कुठे भरत होते, पण त्याच्या हाती वर्तमानपत्र होते, त्यामुळे बोलबाला झाला. १८३१ पर्यंत ब्रिटनमध्ये सुमारे साडेबारा लाख मुले अशा वर्गांना जात होती. म्हणजे मुळात ही कामकरी पोरांची साक्षरता शाळा होती. तिच्यावरून वादही झाले, आणि त्यातला एक फार बोलका आहे. वाचायला शिकवणे ठीक, पण रविवारी लिहायला शिकवायचे का? वाचनाने देवाचे वचन कळते. लिहिणे हे मात्र काम, आणि विसाव्याच्या दिवशी काम कसे करायचे? कित्येक मेथडिस्ट पुढाऱ्यांनी लिहायला बंदी केली. गरिबाने वाचावे पण लिहू नये, या भूमिकेत धर्म किती आणि धास्ती किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्याकडे कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून देण्याचे श्रेय नारायण मेघाजी लोखंडे यांना दिले जाते; मुंबईच्या गिरण्यांत ती १८९० मध्ये मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, असाही युक्तिवाद त्यांनी केल्याचे सांगतात. तेव्हा मराठी मुलखात रविवारची शाळा आली ती कारखान्यातल्या मुलांसाठी नव्हे. इथे तिची गरज निराळी होती.

तत्पूर्वी पश्चिमेकडे एक नजर टाकली पाहिजे, कारण मुलांना धर्म शिकवण्याचा ख्रिस्ती प्रयोग आपल्या परिसरात रेक्सच्या दोन शतके आधीचा आहे. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यांनी फिरे आणि पोरे गोळा करून त्यांच्याकडून प्रार्थना घोकून घेई. पुढे फादर थॉमस स्टीफन्स यांनी प्रश्नोत्तररूपाने धर्मशिक्षणाचे कोकणी पुस्तक रचले; त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये ते राशोलला छापले गेले. आपण स्टीफन्सना ओळखतो ते सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’मुळे. तेच स्टीफन्स मुलांसाठी लिहिताना ओवी बाजूला ठेवून प्रश्न आणि उत्तर असा साधा संवाद लिहितात, हे मला विशेष वाटते. कॅथलिकांची ही प्रश्नोत्तराची रीत आजही टिकून आहे. वसईत पहिल्या कम्युनियनची तयारी करणारी मुले याच वाटेने जातात. प्रॉटेस्टंट शब्बाथशाळेचा भर मात्र प्रश्नोत्तरावर कमी, गोष्टीवर आणि वचनावर जास्त.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री १८१३ मध्ये मुंबईला आले. १८३१ मध्ये अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे ठाणे झाले आणि १८६० च्या दशकात सोलापूर. १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ निघू लागला. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईला आली आणि पुढे नगरला गेली. तिच्या मुलींच्या शाळेचा फुले दांपत्याच्या कार्याशी असलेला संबंध वाचकांना ठाऊक आहेच. हे सगळे रोजच्या शाळांचे. रविवारचा वर्ग त्याला जोडून आला, आणि खेड्यात तर दोन्हींत भेदच राहिला नाही : तीच खोली, तोच मास्तर. आठवडाभर तो बाराखडी आणि पाढे शिकवी, रविवारी त्याच मुलांना गोष्ट सांगे आणि मोठ्यांना उपदेश करी. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर नगर भागात महार आणि मांग समाजातली कुटुंबेच्या कुटुंबे ख्रिस्ती झाली, तेव्हा ही जोडशाळा म्हणजे पुष्कळ मुलांच्या आयुष्यातली पहिली पाटी ठरली. गावच्या शाळेत ओट्याखाली बसवले जाणारे मूल इथे आत बसे. चर्चमध्ये जात उरली नाही असे मी म्हणणार नाही. ती उरली, आणि लग्न जमवताना आजही डोके वर काढते. पण सतरंजी एक होती.

दुष्काळाच्याच वर्षी, १८७६ मध्ये, अलाहाबादला ‘इंडिया संडे स्कूल युनियन’ स्थापन झाली आणि हिंदुस्थानभरच्या वर्गांना एक सूत्र आले. त्याच्या मागे अमेरिकेत १८७२ मध्ये ठरलेली एक विलक्षण योजना होती : जगातल्या सर्व रविवारच्या शाळांनी एका रविवारी एकच पाठ शिकवायचा. त्याबरोबर पाठ करायचे एक वचन, ज्याला आपल्याकडे ‘सुवर्णवचन’ म्हणतात. शिकागोतले मूल आणि सोलापूरचे मूल एकाच सकाळी एकच गोष्ट ऐकणार! कल्पना भव्य होती. तिच्यातली खोट अशी, की चार वर्षांच्या आणि चौदा वर्षांच्या मुलालाही तोच पाठ. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वयोगटांप्रमाणे पाठ आखले जाऊ लागले. सोलापुरात मिस मेरी हार्डिंग यांनी बालोद्यान पद्धत रुजवली. लहान मुलाला हाताने, गाण्याने, खेळाने शिकवायचे, ही दृष्टी रविवारच्या वर्गालाही मानवणारीच होती. त्यांच्या नावाची बालशाळा सोलापूरकरांच्या परिचयाची आहे. मुलांसाठी मिशनने ‘बालबोधमेवा’ हे सचित्र मासिकही १८७० च्या दशकात सुरू केले. मराठी बालवाङ्मयाच्या इतिहासात त्याला दोन ओळी मिळतात. दोन पाने मिळायला हवीत.

गाण्याचे श्रेय मात्र मराठी माणसांचे. पहिल्या पाद्र्यांनी इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवले आणि त्यांत मराठीचे ऱ्हस्वदीर्घ अक्षरशः मोडून पडले. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी, पद यांतून भक्तिगीतांची अशी भर घातली, की आज ‘उपासना संगीत’ उघडले तर पानोपानी टिळक भेटतात. मूल वाचायला लागण्याच्या आधी ही गाणी त्याला येतात. वारकऱ्याच्या घरातल्या पोराला हरिपाठ येतो, तशीच.

आता आमचा जिल्हा. तो तेव्हा निजामाच्या राज्यात. पश्चिमेला इंग्रजी हद्दीतल्या सोलापूर–बार्शीकडून अमेरिकन मराठी मिशनचा वारा, पूर्वेला बिदरकडून मेथडिस्टांचा. निजामी राज्यात वरच्या शिक्षणाची आणि कारभाराची भाषा उर्दू. अशा मुलखात छापील मराठी वाचण्याचे निमित्त ज्या थोड्या ठिकाणी मिळे, त्यांत पोथी लावणारे देऊळ होते, पुढे वाचनालये आली, आणि एका लहान समाजापुरते मराठी बायबल व गीतांचे पुस्तक होते. संपूर्ण मराठी बायबल १८४७ पासून उपलब्ध होते, पुढे ते अनेकदा सुधारले गेले. बाबा पदमनजींसारख्यांचा हात त्याला लागला. उमरग्याकडे घरात कानडी, बाजारात दख्खनी आणि रविवारी बायबलची मराठी, असा तिपेडी कारभार चाले. मराठवाड्यातल्या मराठीच्या टिकावाचा इतिहास लिहिताना हे कुणी ध्यानात घेत नाही.

स्वातंत्र्यानंतर शब्बाथशाळेवरचा भार वाढला, तो राज्यघटनेमुळे. अनुच्छेद २८ सांगते, की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येणार नाही. आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत ते मुलावर पालकांच्या संमतीशिवाय लादता येणार नाही. तरतूद योग्यच आहे. पण तिचा एक परिणाम असा, की पूर्वी आठवडाभराच्या मिशन शाळेत जे होई, ते सगळे आता रविवारच्या तासाभरात बसवायचे. खेड्यातल्या ख्रिस्ती मुलाला तर आठवडाभर जिल्हा परिषदेची शाळा. तिथे गणेशोत्सवाच्या आरतीला ते उभे राहते, आणि स्वतःच्या घरच्या गोष्टी त्याला भेटतात त्या फक्त या तासात.

हा तास कसा असतो? मोठ्यांच्या उपासनेआधी, नाहीतर उपदेश सुरू झाला की मुलांना बाजूच्या खोलीत नेतात. खोली नसली तर झाडाखाली. प्रार्थना, गाणे, हजेरी, ज्याचा वाढदिवस झाला त्याचे दान, मग मागच्या रविवारचे वचन. ते म्हणता आले की टाळ्या. मग गोष्ट, आणि शेवटी चित्र रंगवणे. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार, तेविसावे स्तोत्र एवढे बाराव्या वर्षापर्यंत तोंडपाठ व्हावे अशी अपेक्षा. मे महिन्यात सुट्टीतली बायबल शाळा, तिला सगळे ‘व्हीबीएस’च म्हणतात; डिसेंबरात नाताळचे नाटक. शिकवणाऱ्या बहुधा बाया आणि कॉलेजातल्या मुली, बिनपगारी. पूर्वीच्या ‘बायबल बाई’ची ही आजची लेक म्हणावी. पाळक चार गावांचा एक असतो, तो महिन्यातून एकदा येतो. वर्ग मात्र दर रविवारी भरतो. मंडळी जिवंत कोण ठेवते हे यावरून कळावे.

खरी परीक्षा गोष्ट सांगताना होते. पेरणाऱ्याचा दृष्टांत घ्या. पेरणारा पेरायला निघाला, काही बी वाटेवर पडले, काही खडकाळीत, काही काट्यांत. शेतकऱ्याचे पोर विचारते, वाटेवर बी पडेलच कसे? आपल्याकडे तिफण चालते, चाड्यावर मूठ असते, बी नळ्यांतून नेमके तासात पडते. आता तर सोयाबीन ट्रॅक्टरने पेरतात. पॅलेस्टाइनचा शेतकरी मुठीने बी फोकून पेरत असे, हे आधी सांगितल्याशिवाय तो दृष्टांत मूर्ख शेतकऱ्याची गोष्ट होतो. उलट योसेफाची गोष्ट इथे न सांगताच कळते. सात वर्षे सुकाळ, सात वर्षे दुष्काळ, आणि धान्याची साठवण. ज्या घरात पेव उघडल्याच्या आठवणी आहेत, बहात्तरचा दुष्काळ आजोबांच्या तोंडी आहे आणि चारा छावणी पोराने स्वतः पाहिली आहे, तिथे फारोचे स्वप्न उलगडून सांगावे लागत नाही. द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दृष्टांतही तसाच. संध्याकाळी कामाला आलेल्यालाही मालक पूर्ण रोज देतो, आणि सकाळपासून राबलेले कुरकुरतात. धाराशिव भागात द्राक्षबागा आहेत, रोजाने जाणाऱ्या आया आहेत. मुले हमखास कुरकुरणाऱ्यांची बाजू घेतात. शिक्षिकेची त्या दिवशी कसोटी लागते, आणि मला वाटते तोच वर्ग सर्वांत चांगला होतो.

भाषेच्याही गमती आहेत. ‘तारण’ हा मराठी ख्रिस्ती धर्मभाषेतला कळीचा शब्द. पण मुलाने रस्त्यावरच्या पाटीवर वाचलेले असते ‘सोनेतारण कर्ज’. आता येशू तारण देतो म्हणजे काय देतो? ‘पवित्र आत्मा’ म्हटले की लहान मुले घाबरतात, कारण आत्मा त्यांनी ऐकला तो वडाच्या झाडावरचा. ‘परूशी’, ‘शोमरोनी’ हे शब्द तर हवेत तरंगतात. चांगली शिक्षिका थांबते, उलगडते. घाईची शिक्षिका पाठ करून घेते. घोकंपट्टीला आपण शिक्षणाचे लोक नावे ठेवतो. माझे मत थोडे वेगळे आहे. अर्थ आज कळला नाही तरी वाक्याची लय, क्रियापदाचे वजन, मोठ्याने बोलण्याचा धीर हे मुलाच्या अंगात उतरते. मात्र नरकाची भीती दाखवून पाठ करून घेणे, ‘देव बघतोय’ म्हणून धाक घालणे, हेही काही वर्गांत चालते, आणि त्याचे समर्थन कुठल्याच धर्मात करू नये.

याच वस्त्यांत आणखी एक वर्ग रविवारी भरतो. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर बौद्ध झालेल्या समाजाची मुले विहारात वंदना आणि त्रिशरण–पंचशील शिकतात. कधी एकाच आजोबांची नातवंडे, एक चर्चकडे जाते, एक विहाराकडे. तासही साधारण तोच. दोन्हीकडे मुलाला सांगितले जाते की तू कुणापेक्षा कमी नाहीस. फरक कागदावर पडतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती व मुसलमान नाहीत. या प्रश्नावर केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. तेव्हा काही घरांत शाळेच्या दाखल्यावरचा धर्म एक आणि रविवारचा दुसरा असतो. दहा वर्षांच्या मुलाला रविवारी शिकवायचे की खोटी साक्ष देऊ नको, आणि सोमवारी सांगायचे की शाळेत कुणी विचारले तर बोलू नको. ही कोंडी त्या मुलाने निर्माण केलेली नाही आणि त्याच्या आईनेही नाही. शिक्षिकेला नववी आज्ञा शिकवायची असते, तेव्हा तिला हे सगळे ठाऊक असते.

आणि भाषा जाते आहे. तालुक्याच्या गावी मुले इंग्रजी माध्यमात गेली, त्यांना मराठी बायबल वाचताना जोडाक्षरे अडतात. वर्गात मोबाईलवर हिंदी आणि इंग्रजी गाणी लागतात, शब्द रोमन लिपीत, हातवारे ठरलेले. मुले खुशीत नाचतात, त्यात वाईट काही नाही. पण टिळकांचे अभंग आता साठीच्या पुढच्यांच्या तोंडी उरत चालले आहेत. ज्या वर्गाने निजामी मुलखात छापील मराठी धरून ठेवले, त्याच वर्गातून ती पहिल्यांदा बाहेर पडेल अशी चिन्हे आहेत. मराठी भाषेच्या नावाने गळे काढणाऱ्या सभांत हा विषय निघत नाही, कारण ही मुले ‘आपली’ आहेत हे आधी मान्य करावे लागेल.

वर्गाची पटसंख्या मात्र आणखी एका गोष्टीवर ठरते. दिवाळी झाली की कळंब, भूम, वाशी या भागांतून ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघतात. उचल घेतलेली असते. नवरा–बायकोचा एक कोयता, आणि घरी सांभाळायला म्हातारे माणूस नसेल तर मुलेही बरोबर. ख्रिस्ती घरेही याला अपवाद नाहीत. म्हणजे नोव्हेंबरात नाताळच्या नाटकाची पात्रे ठरवायची, तेव्हाच निम्मे मेंढपाळ कारखान्याच्या तळावर पोचलेले असतात. राहिलेल्यांत भागवावे लागते : एकच मुलगा आधी मेंढपाळ होतो, मग डोक्याला फेटा बांधून पूर्वेचा ज्ञानी. काही शिक्षिका जाणाऱ्या मुलांच्या हाती वचनांचे कागद देतात, रविवारी एक म्हणायचे असे बजावून. मार्च–एप्रिलमध्ये पट्टा पडला की मुले परततात, कागद बहुतेकांचे हरवलेले असतात. हजेरीच्या वहीत त्या पाच महिन्यांच्या चौकटी कोऱ्या राहतात. शिक्षिका तिथे गैरहजेरीची खूण करीत नाहीत.